राखणीचा घास

अण्णाजी डोर्लीकर वकील कुणाच्या घरी जेवत नसत. लग्न असो, बारसं असो, की एखाद्या साहेबाच्या बदलीचा समारंभ असो, अण्णाजी वेळेवर हजर. टोपी सरळ, तोंडभर हसू, नवरदेवाच्या बापाची यथेच्छ थट्टा, वर पंगतीत वरण कुठे पोचलं नाही याच्यावरही लक्ष. पण स्वतःसाठी पान मांडलं की दोन्ही हात जोडायचे. "पोट बरं नाई गा," हे त्यांचं उत्तर साऱ्या चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, पाठ झालं होतं. कायमचं पोट बिघडलेला माणूस एवढा धडधाकट कसा, अशी वकिलांच्या खोलीत थट्टा चाले. कामासाठी परगावी निघाले की सोबत पितळेचा डबा. नागभीडच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बाकावर बसून ते तो उघडायचे. मला घरात वाटून खायची सवय, म्हणून मी एकदा सहज हात पुढे केला, तर त्यांनी डबा झटकन मागे घेतला. "माझ्यातलं खाऊ नोको," म्हणाले. मला राग आला होता. एवढा हात आखडून वागणारा हा माणूस नव्हे, हे मला ठाऊक होतं.

कारण मी त्यांच्या हाताखाली शिकायला आलो तेव्हाचे अण्णाजी अगदी निराळे होते. तेव्हा ते जेवायचे, आणि कसे जेवायचे! खून असो की बांधाची मारामारी, अशिलाच्या गावी जाऊन, त्याच्या घरी जमिनीवर बसून, त्याच्या बायकोच्या हातचं खाल्ल्याशिवाय ते कैफियतीला हात लावत नसत. "ज्याच्या घरचं मीठ कळलं नाई, त्याची केस काय कळन?" हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यात खोटंही नव्हतं. कुठल्या घरी भाताच्या आधी पेज येते, कुठल्या सुनेच्या पानात कमी पडतं, कुठला म्हातारा जेवताना दाराकडे बघतो, हे ते टिपून ठेवत आणि उलटतपासणीत बरोबर बाहेर काढत. मी मात्र त्या जेवणांनी दोनदा आजारी पडलो.

त्यांची खरी कीर्ती होती ती शिक्षेवरच्या बोलण्याची. आरोपी दोषी ठरला की बाकीचे वकील खांदे पाडत. अण्णाजी तिथून सुरू होत. समोरचं कायद्याचं पुस्तक मिटायचं, चष्मा काढून त्याच्यावर ठेवायचा, आणि शांतपणे म्हणायचं, "कायदा झाला साहेब, आता माणूस पाहू." मग त्या माणसाची म्हातारी आई, शेताचा पडीक धुरा, खुंट्यावरचा एकुलता बैल असं सगळं कोर्टात येऊन उभं राही. एकदा तर सरकारी वकिलानंच डोळे पुसले होते. सात वर्षांची शिक्षा दोनवर आलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. दूरदूरचे लोक त्यांना 'शिक्षा कमी करणारे वकील' म्हणूनच ओळखत, आणि अण्णाजींना ते नाव मनापासून आवडे. मलाही त्यांचा फार अभिमान होता.

मग गणपत मुकादमाचं प्रकरण आलं. राज्यांची फेररचना अजून व्हायची होती, आमचं हायकोर्ट नागपूरला होतं, तेव्हाची ही गोष्ट. गणपत हा एका मोठ्या बांबू ठेकेदाराचा माणूस. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या आतल्या जंगलात कोसमटोला नावाचं बारकंसं गाव होतं. तिथल्या बांबूतोडीवर त्याची देखरेख असे. त्या गावातली सोमी नावाची तरणी विधवा बापाजवळ राहत होती आणि तोडीच्या कामाला जात होती. एका दुपारी गणपतनं तिला जंगलात एकटी गाठून तिच्यावर जबरदस्ती केली. सोमी रडत लपून बसली नाही. तशीच गावात आली आणि चावडीपुढे उभं राहून त्याचं नाव घेतलं. खटला चांद्याच्या सेशन्स कोर्टात लागला. ठेकेदारानं गणपतला जामिनावर सोडवलं आणि त्याच्यासाठी अण्णाजींना नेमलं.

पुरावा पक्का होता. "सुटत नाई हा," अण्णाजी पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "आता पाह्याचं ते एवढंच, का किती वर्सं." आणि नेहमीप्रमाणे त्यांनी गावाला जायचं ठरवलं. या खेपेला अशिलाच्या घरी नाही. ज्या गावाचा गुन्हा केला त्या गावाला. आम्ही डोंग्यातून नदी ओलांडली, पुढे बैलबंडीतून साग-मोहाच्या जंगलातून गेलो. कोसमटोल्याचे डोमा पाटील मोहाच्या झाडाखाली बसले होते. वाळलेला, कमी बोलणारा माणूस. मी बंडीतून सामान उतरवत होतो; पुढचं बोलणं मला फार नंतर अण्णाजींनी सांगितलं. अण्णाजींनी विचारलं, गणपतला गावाची माफी मिळायला काही वाट आहे का. दंड भरायला ठेकेदार तयार आहे.

"माफी म्हणता त तशी कायी रीत नाई आमच्या गावात," पाटील म्हणाले. "राखणीचं जेवण असते. त्यानं साऱ्यायसमोर कबूल कराव, अन् आपल्या हातानं वाढाव. ज्यानं ते खाल्लं, त्यानं त्याची राखण घेतली. तो कुठी जाते, कुठी झोपते, कोणाच्या मागं रानात जाते, सारं त्यानं पाह्याचं. गावाच्या नजरेबाहेर त्याले जाऊ नाई द्याचं. पुन्हा त्याच्या हातून असं झालं, त ते खाणाऱ्याच्या डोक्स्यावर."

"म्हंजे जामीनच झाला की," अण्णाजी हसून म्हणाले.

"तुमच्या जामिनाले पैशे लागते, भाऊ. याले डोये लागते."

जेवण झालं. त्यासाठी जामिनावरच्या गणपतला गावात आणलं, ठेकेदाराच्या खर्चानं बोकड आला. गणपतनं खाली मान घालून गावासमोर कबुली दिली आणि पळसाच्या पत्रावळींवर भात वाढत फिरला. सोमीचा बाप पंगतीत पहिला बसला होता. त्याचा हात घासाशी थांबला, पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्यानं तो घास तोंडात घातला. जनावर राखायचं तर आधी दावं हातात घ्यावं लागतं, तसाच तो घास होता हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एक बाप शत्रूला पदरात घेताना दिसला. अण्णाजीही बसायला निघाले, तर पाटील म्हणाले, "तुमी नोका बसू. तुमी पावणे, तुमाले वेगळं वाढतो." अण्णाजींना पंगत सोडून वेगळं खाणं ठाऊकच नव्हतं. "मीठ तं कळू द्या पाटील," असं म्हणत ते मांडी घालून बसले आणि गणपतच्या हातचं चवीनं जेवले. माझं पोट आधीच बिघडलेलं होतं, म्हणून मी बंडीजवळच थांबलो.

सोमी जेवली नाही. आपल्या घराच्या दारात, पंगतीकडे पाठ करून ती बसून होती. बोलवायला कुणी गेलं नाही, तिनंही मान वळवली नाही. मी ते पाहिलं. अण्णाजींनीही पाहिलं, कारण परतताना बंडीत ते एकदाच म्हणाले, "पोरगी काई जेवली नाई." त्यानंतर नदीपर्यंत ते बोकडाच्या रश्श्याबद्दल बोलत राहिले.

कोर्टात निकालाच्या दिवशी गणपत दोषी ठरला. अण्णाजींनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला. "कायदा झाला साहेब, आता माणूस पाहू," म्हणाले, आणि कोसमटोल्याची ती पंगत त्यांनी कोर्टात मांडली. मोहाची सावली, पत्रावळी, बापाचा थांबलेला हात, आणि मग त्यानं घेतलेला घास. "जिनं सोसलं तिच्या बापानं याच्या हातचं अन्न पोटात घेतलं, साहेब. गावानं याला जवळ केलं. तिथं कायद्यानं आणखी किती कठोर व्हावं?" राखण हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पाठ करून बसलेली सोमी त्यांच्या भाषणात कुठंच नव्हती. न्यायाधीश परमुलखातून आलेले, सज्जन गृहस्थ होते. रानातल्या लोकांच्या मोठ्या मनाविषयी निकालपत्रात त्यांनी एक सुंदर परिच्छेद लिहिला आणि एक वर्षाची शिक्षा दिली. दहा वर्षं देता आली असती.

बाहेर पायऱ्यांवर सोमीचा बाप पाटलांना काहीतरी विचारत होता. मी जवळून जात होतो म्हणून ऐकू आलं. "एकच वर्स काऊन? आमी जेवलो म्हनून का?" पाटील पायऱ्या उतरून चालू लागले. अण्णाजींनीही ते ऐकलं असावं, कारण अभिनंदन करायला आलेल्या ठेकेदाराच्या हातातला हार त्यांनी घेतला, पण गळ्यात घातला नाही.

गणपत सुटून आला तेव्हा ठेकेदार मुद्दाम आमच्याकडे आला होता. कोसमटोल्यात आता त्याला कोण कामावर येऊ देणार. तेव्हा आलापल्लीकडच्या दुसऱ्या तोडीवर पाठवू का, काही अडचण? मी तिथंच टेबलाशी बसलो होतो. अण्णाजींनी समोरचे कागद बाजूला सारले. "शिक्षा भोगून झाली. कायद्यानं काई हरकत नाई," ते म्हणाले. एवढंच. त्या एका वाक्यानं गणपत त्याची राखण घेतलेल्या साऱ्या डोळ्यांच्या पलीकडे गेला, आणि ते डोळे कुणाचे होते हे त्या खोलीत एकट्या अण्णाजींना नीट ठाऊक होतं.

आलापल्लीच्या त्या तोडीवर शेवंता नावाची एक मजूर बाई होती, दोन लेकरांची आई. गणपतनं तिच्यावर तसाच हात टाकला. तिनं झुंज दिली तेव्हा कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिला मारलं. ती जगली, एक डोळा गेला. ही बातमी आली त्या दिवशी अण्णाजी कोर्टातून मधूनच घरी निघून गेले. ठेकेदाराचा माणूस वकीलपत्र घेऊन आला, तर त्यांनी त्याला ओट्यावरही चढू दिलं नाही. नागपूरहून दुसरा वकील आला. अण्णाजी आता यातून बाहेर आहेत, असं मला वाटलं. त्यांनाही तसंच वाटून घ्यायचं होतं, असा मला संशय आहे.

पण शिक्षेचा प्रश्न पुन्हा तिथंच येऊन अडकला. गणपतचा आधीचा गुन्हा कोर्टापुढं आला तो त्या सुंदर निकालपत्रासकट. नव्या वकिलानं त्यातला परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला: पहिला गुन्हा गावानंच मिटवला होता, बापानं माफ केलं होतं, तेव्हा हा काही सराईत गुन्हेगार नव्हे, एका झटापटीत हात सुटलेला माणूस आहे. नवे न्यायाधीश ते लक्ष देऊन ऐकत होते. अण्णाजींचंच भाषण, त्यांच्याच शब्दांत, आता शेवंताच्या विरुद्ध उभं होतं. सरकारी वकिलानं कोसमटोल्याच्या रिवाजाबद्दल पुरावा देण्याची परवानगी मागितली आणि त्यासाठी तारीख पडली.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी डोमा पाटील अण्णाजींच्या घरी आले. ओट्यावर बसले, पाणीही घेतलं नाही.

"उद्या कोर्टात या भाऊ. जेवण काह्याचं होतं ते सांगा."

"पाटील, तो माझा अशील होता. त्याच्याविरुद्ध वकिलाले बोलता नाई येत," अण्णाजी म्हणाले. "तुमी सांगा. तुमची रीत तुमीच सांगाल ना."

"मी सांगीनच. पण माह्याविरुद्ध तुमचंच बोलणं वाचून राह्यले ते." पाटील उठले. "अन् मी वकिलाले बलावत नाई. मी जेवणाऱ्याले बलावून राह्यलो. तुमी बी जेवले होते."

अण्णाजी त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले. मी धीर द्यायला म्हणालो, की तुम्हाला रीत काय ठाऊक होती, तुम्ही पाहुणे होता.  "मले सांगितलं होतं गा वामन," ते म्हणाले. "पंगतीत बसाच्या आधी सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलं. आदल्या रात्री अण्णाजींनी सरकारी वकिलाला निरोप धाडला होता; साक्षीसाठी त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी आपला काळा कोट काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि सदऱ्यावर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. नागपूरच्या वकिलानं हरकत घेतली: हे आरोपीचे माजी वकील आहेत, यांना तोंड उघडता येणार नाही. "अशिलानं मला विश्वासात घेऊन सांगितलेलं काहीच मी सांगणार नाही," अण्णाजी म्हणाले. "साऱ्या गावादेखत जे झालं, आणि जे मी स्वतः खाल्लं, तेवढंच सांगतो." मग त्यांनी ते जेवण पुन्हा एकदा सांगितलं. या वेळी त्यात भाषण नव्हतं. राखण म्हणजे काय, ते सांगितलं. सोमी पंगतीकडे पाठ करून बसली होती, तिनं घास घेतला नाही, हेही सांगितलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "पहिल्या खटल्यात हे आपण कोर्टाला सांगितलं होतं?"

"नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर शिक्षा जास्त झाली असती."

 माझ्या हातात त्यांचा कोट होता आणि तो कुठं ठेवावा ते मला सुचत नव्हतं. न्यायाधीशांनी गणपतला दहा वर्षं दिली. निकालात त्यांनी लिहिलं की असा माणूस पुन्हा समोर येतो तेव्हा, त्याच्यावर बाहेर लक्ष ठेवणारं कुणी आहे का हे कोर्टाला पाहावं लागतं. इथं ज्यांनी ते पत्करलं होतं त्यांच्या नजरेआड त्याला नेण्यात आलं, आणि आता तुरुंगाच्या भिंतींवाचून दुसरी राखण शिल्लक नाही.

या साक्षीचं कौतुक झालं असेल असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. वकील मंडळी तोंडावर विभीषण म्हणू लागली. उद्या आपली गुपितं हा चव्हाट्यावर मांडील म्हणून अशील यायचे थांबले. "गुपित कुठलं? बोकड तं साऱ्या गावानं खाल्ला," एवढंच अण्णाजी म्हणत. दिवाणी कामांवर कसंबसं घर चाललं. शिक्षेवर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मी एकदा म्हणालो, "अण्णाजी, शेवटी तुमच्यामुळेच त्याला दहा वर्षं झाली." ते म्हणाले, "दहा वर्सं कोर्टानं देल्ले. ते पह्यलं एक वर्स माझं होतं."

शेवंताला भेटायला ते गेले होते, मी सोबत होतो. काय बोलायचं ते वाटभर जुळवत होते. तिनं एका डोळ्यानं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "त्याले पह्यल्या बारीलेच आत काऊन नाई ठेवलं, वकीलभाऊ?" शिक्षेवर तासभर बोलू शकणारा तो माणूस. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. निघताना तिच्या पोरानं पाहुण्यांसाठी चहा आणला, तेव्हा अण्णाजींनी हात जोडले. "पोट बरं नाई," असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते पहिल्यांदा तिथं.

दर काही महिन्यांनी ते नागपूरला जात आणि तुरुंगात गणपतची भेट मागत. लोकांना वाटे, जुन्या अशिलाचा लोभ सुटत नाही. काहींनी त्यावरूनही नावं ठेवली. मीही विचारलं, त्याच्याशी काय बोलता? "बोलाचं काय? तो आतच आहे ना, ते पाहून येतो," म्हणाले. गणपत त्यांच्याकडे पाहतही नसे. हे दहा मिनिटं समोर बसत आणि परत येत. कोसमटोल्याला जाऊन पाटलांना कळवत, "आहे." सोमी तोपर्यंत दुसरं लग्न करून दूरच्या गावी गेली होती. तिच्याकडे जायचं धाडस त्यांना शेवटपर्यंत झालं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

ते दुखण्यानं अंथरुणाला खिळले तेव्हा गणपतच्या शिक्षेची निम्म्याहून जास्त वर्षं बाकी होती. डोमा पाटील तोवर वारले होते, सोमीचा बापही गेला होता. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. एक दिवस अण्णाजींच्या पत्नींनी, काकूंनी, तांदळाची पेज आणून ठेवली. अण्णाजींनी दोन चमचे घेतले आणि वाटी हातात धरून राहिले.

"वामन, तो सुटन तेव्हा मी नसन."

मी नेहमीचं बोललो, असं काही बोलू नका वगैरे. त्यांनी ते ऐकलंच नाही. वाटी माझ्यापुढं केली. ज्या माणसानं डब्यातला एक तुकडा मला कधी घेऊ दिला नाही, तो आपली उष्टी वाटी माझ्यापुढं धरून बसला होता.

मला ते काय मागत आहेत ते लगेच कळलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून बरंच काही गेलं: नुकताच जम बसू लागलेली वकिली, घरातली लहान मुलं, नागपूरचे हेलपाटे, तुरुंगाच्या दारातून बाहेर येणारा गणपत, आणि पुढं तो जाईल त्या त्या गावी त्याच्या मागं जाऊन तिथल्या लोकांना सावध करत फिरणारा मी. माझा हात मांडीवरून उचलेना. अण्णाजी माझ्या हाताकडेच पाहत होते.

"विचार करून राह्यला ना?"

"हो," मी म्हणालो. मला लाज वाटली.

"कर. करूनच खाय. मी तेवढाबी थांबलो नव्हतो."

मी वाटी घेतली. पेज अळणी होती. मी ती सगळी संपवली.